ऑपरेशननंतर आजोबा भलतंच बोलतायत: डिलिरियम की डिमेन्शिया?

मणक्याचं ऑपरेशन नीट पार पडलेलं असतं. दुसऱ्या रात्री आजोबा सलाइनची नळी उपसू लागतात, मुलालाच ‘तू कोण?’ म्हणून विचारतात. घरच्यांच्या पोटात गोळा येतो. भुलीने डोक्यावर परिणाम झाला, आता हे कायमचंच, असं वाटतं. असं अचानक झालं तर तो बहुधा डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवलेला भ्रम असतो.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. डिलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, आणि चढउतार करतो: सकाळी छान गप्पा, दिवेलागणीला सगळं बिनसलेलं. पण मला सर्वांत भरवशाची खूण वाटते ती लक्षाची. सुरुवातीच्या डिमेन्शियात माणूस काय जेवला ते विसरेल, तरी तुमचं बोलणं नीट ऐकेल. डिलिरियममध्ये बोलण्याचा धागाच धरता येत नाही. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. एरवी सहज म्हणणारा माणूस मध्येच भरकटला, तर लगेच नर्सला सांगा.

सगळेच आरडाओरडा करत नाहीत, हे विसरू नका. कित्येक जण गप्प पडून राहतात, जेवत नाहीत, डोळे मिटून असतात. ‘थकलेत, झोपू दे’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

धोका कोणाला जास्त? पासष्टी ओलांडलेल्यांना, आणि त्यातही ज्यांची स्मरणशक्ती आधीच मंदावली आहे त्यांना. इथेच दोन्ही आजार एकमेकांत गुंततात: डिमेन्शिया असला की डिलिरियमची शक्यता बरीच वाढते आणि डिलिरियम होऊन गेलेल्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका जास्त दिसतो. कमी ऐकू येणं, कमी दिसणं, अशक्तपणा, रक्त कमी असणं, दारूची सवय, पूर्वी कधी असा भ्रम झालेला असणं, हेही धरा. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये अनेक मणके एकत्र जोडायचे असले की वेळ लांबतो आणि रक्तस्रावही वाढतो. नंतर वेदना तीव्र असतात. त्या तशाच सोसायला लावल्या तरी डिलिरियम होऊ शकतो आणि मॉर्फिनसारखी औषधं जास्त झाली तरीही. म्हणून डोस ठरवणं हे नाजूक काम आहे. झोपेच्या काही गोळ्या, सर्दी-ॲलर्जीची जुनी, गुंगी आणणारी औषधं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, कमी झालेलं सोडियम, जंतुसंसर्ग यांतलं एकेक डॉक्टर तपासून पाहतात, कारण यातलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं असतं.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची यादी द्या. विसराळूपणा असेल तर लपवू नका. शुद्ध आल्यावर चष्मा आणि कानाचं यंत्र लगेच लावा, घड्याळ दिसेल असं ठेवा, दिवसा पडदे उघडे ठेवा, डॉक्टरांनी परवानगी देताच उठवून बसवा. रात्री ओळखीचा एक आवाज जवळ असू द्या.