घरच्या घरी शिरेतून औषध: ‘दिवस’ कोणता मोजायचा?

घरी शिरेतून औषध घेणाऱ्या रुग्णासाठी अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने नेमक्या कोणत्या दिवसांचे पैसे द्यायचे, हा वाद आहे. तो समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. शिरेतून द्रव देण्याचा इतिहास 1832 च्या कॉलऱ्याच्या साथीपर्यंत मागे जातो. तेव्हा स्कॉटलंडमध्ये मरणासन्न रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले गेले. पण हा उपचार रुग्णालयाबाहेर पडला तो 1970 च्या दशकात, आणि त्याला कारण ठरले अन्न. केवळ शिरेतून पोषण देऊनही बाळाची वाढ होते, हे 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दिसून आले होते. मग आतडे निकामी झालेल्यांनी जन्मभर रुग्णालयातच राहायचे का? 1973 मध्ये त्वचेखालून नेलेला, दीर्घकाळ टिकणारा सिलिकॉनचा कॅथेटर (शिरेत ठेवायची नळी) आला आणि वाट मोकळी झाली. रात्री पिशवी जोडायची, सकाळी काढून कामाला जायचे. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांत चिकट स्राव साचवणाऱ्या जन्मजात आजाराच्या रुग्णांना घरी अँटिबायोटिक देण्याचे अनुभवही याच सुमारास प्रसिद्ध झाले.

1983 नंतर या विमा योजनेने रुग्णालयांना निदानानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, तेव्हा रुग्णाला लवकर घरी सोडणे रुग्णालयालाही परवडू लागले. पुढे एड्सच्या साथीत, डोळ्यांना होणाऱ्या संसर्गापासून दृष्टी वाचवण्यासाठी कित्येक तरुण घरीच रोज शिरेतून औषध घेत. या उपचाराचा खर्च उचलण्याची तरतूद 1988 च्या एका कायद्यात होती, पण तो कायदा पुढच्याच वर्षी रद्द झाला. 2006 पासून याच योजनेत औषधांसाठी नवा विमा सुरू झाला. त्यात औषधाची किंमत मिळे. नळ्या, फार्मसीची सेवा आणि नर्स यांचे पैसे मिळत नसत.

ही उणीव भरण्यासाठी 2016 मध्ये कायदा झाला, कायमची तरतूद 1 जानेवारी 2021 पासून लागू झाली आणि खरा वाद तिथेच आहे. सेवा देणाऱ्यांना मोबदला द्यायचा तो ‘औषध दिल्याच्या दिवसाचा’. हा दिवस कोणता? योजनेच्या प्रशासनाने अर्थ लावला: प्रशिक्षित व्यक्ती प्रत्यक्ष घरी हजर असेल तोच. या कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीतील शब्दरचनेचा आधार या अर्थाला मिळतो, हे मान्य करायला हवे. सेवा देणाऱ्यांचे म्हणणे असे की, ज्या ज्या दिवशी औषध शरीरात जाते तो प्रत्येक दिवस मोजला पाहिजे.

हृदय क्षीण झालेल्या, मिलरिनोन या हृदयाला बळ देणाऱ्या औषधावर असलेल्या रुग्णाचे उदाहरण घ्या. त्याचा पंप अहोरात्र, सातही दिवस चालतो. नर्स आठवड्यातून एकदा आली, तर हिशेबात एकच दिवस धरला जातो. उरलेल्या सहा दिवसांत फार्मासिस्ट निर्जंतुक कक्षात पिशव्या भरतो, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे अहवाल पाहून डॉक्टरांशी बोलतो, रात्री दोन वाजता पंपाचा अलार्म वाजला की फोन उचलतो. रुग्णाला घरी सुरक्षित ठेवते ते हेच काम. कायद्यातील सेवांच्या यादीत दूरस्थ देखरेखीचा स्पष्ट उल्लेख असताना नुसती ती केली तर दिवस भरत नाही, हे पटण्याजोगे नाही.

त्यात ‘पंप’ या शब्दाची भर. टिकाऊ उपकरण मानलेल्या बाह्य पंपातून जाणारी औषधेच या तरतुदीत बसतात. अँटिबायोटिक बहुधा साध्या ठिबकाने किंवा एकदाच वापरायच्या, फुग्याच्या दाबावर चालणाऱ्या उपकरणाने दिले जाते. त्यामुळे घरी शिरेतून उपचार घेणाऱ्यांतील फार मोठा गट बाहेरच राहतो. हाडाच्या जंतुसंसर्गासाठी सहा आठवडे अँटिबायोटिक लागणाऱ्या वृद्धाला मग रोज रुग्णालयात खेटे घालावे लागतात किंवा शुश्रूषागृहात राहावे लागते.

प्रत्येक दिवस मोजावा अशी दुरुस्ती सुचवणारी विधेयके त्यानंतर एकाहून अधिक वेळा मांडली गेली. दरम्यान, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत हाडे आणि सांध्यांच्या अनेक संसर्गांत गोळ्या शिरेतील औषधाइतक्याच उपयोगी ठरल्या. त्या रुग्णांची नळीपासून सुटका होऊ शकते. शिरेतूनच जेवणाऱ्यांना किंवा मिलरिनोनवर जगणाऱ्यांना मात्र गोळीचा पर्याय नाही.