इलेक्ट्रिक टूरिंग मोटरसायकल: गाडं बॅटरीपेक्षा प्लगपाशी अडलं

१२ जून २००९ रोजी आइल ऑफ मॅन बेटावर विजेच्या मोटरसायकलींची पहिली शर्यत झाली. तिथल्या डोंगरी रस्त्याची एक फेरी ६०.७ किलोमीटरची. पेट्रोल गाड्यांची मुख्य शर्यत सहा फेऱ्यांची असते. विजेच्या गाड्यांना एकच फेरी दिली होती, कारण त्यापुढे बॅटरी पुरलीच नसती. रॉब बार्बरने ‘अग्नी’च्या गाडीवर ताशी १४०.७ किलोमीटरच्या सरासरीने ती जिंकली. अग्नी मोटर्सची पाळंमुळं गुजरातेत. पुण्याच्या कपिल शेळके यांचा संघही त्या शर्यतीत उतरला होता. त्यातूनच पुढे टॉर्क मोटर्स उभी राहिली. २०१९ पर्यंत तिथल्या विजेच्या गाड्यांची सरासरी ताशी १९६ किलोमीटरवर गेली. फेरी मात्र शेवटपर्यंत एकच राहिली. वेगाचा प्रश्न सुटला, अंतराचा सुटला नाही, आणि टूरिंगचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रवासाचं, सगळं दुखणं तिथेच आहे.

याचं कारण म्हणजे हवा. मोटरसायकल लहान दिसते, पण वर बसलेल्या माणसासकट ती हवेला चांगलीच आडवी येते. वेग दुप्पट झाला की हवा कापायला आठपट शक्ती लागते. सरळ बसून चालवायच्या गाडीचा हिशोब साधारण असा: ताशी ८० ला किलोमीटरमागे ७० वॉट-तास, १०० ला १००, १२० ला १३५ ते १४०. म्हणजे २० किलोवॉट-तासांची बॅटरी ८० च्या वेगाला २८० किलोमीटर देईल आणि १२० ला जेमतेम १४५. दोन्ही बाजूंना पेट्या लावल्या, समोरून वारा आला, की त्यातूनही वजा. शहरातल्या रेंजचा आकडा टूरसाठी निरुपयोगी ठरतो तो यामुळेच. शहरात वेग कमी असतो आणि ब्रेक लावताना थोडी वीज परतही मिळते. हायवेवर परत मिळण्यासारखं काही नसतं.

मग बॅटरी वाढवायची? १५ लिटर पेट्रोलचं वजन ११ किलो. २० किलोवॉट-तासांचा पॅक १२० किलोच्या घरात जातो. कारला ते ओझं जाणवत नाही. मोटरसायकल पार्किंगमध्ये मागे ढकलताना जाणवतं. त्यामुळे टूरिंगला मोठ्या बॅटरीइतकंच, किंबहुना जास्तच, जलद चार्जिंग लागतं. इथे सुरुवातीच्या एका निर्णयाने पुढची अनेक वर्षं ठरवून टाकली: पॅकचा व्होल्टेज.

कॅलिफोर्नियात २००६ मध्ये सुरू झालेल्या झीरो या कंपनीने सुमारे १०० व्होल्टचा पॅक निवडला. लहान, स्वस्त, हाताळायला सोपा. पण हायवेवरचे कारचे सीसीएस (जलद चार्जिंगची एक पद्धत) चार्जर साधारण १५० ते २०० व्होल्टच्या खाली वीज देतच नाहीत. जपानी चाडेमो पद्धत कमी व्होल्टलाही चालते, म्हणून झीरोने २०१३ च्या सुमारास तिचा जोड दिलाही. पुढे चार्जरवाल्यांचा कल सीसीएसकडे वळला आणि तो जोड मागे पडला. २०२२ ची झीरोची डीएसआर/एक्स १७.३ किलोवॉट-तासांची, लांब पल्ल्याला सर्वार्थाने योग्य गाडी, पण मूळ चार्जर ६.६ किलोवॉटचा. ताशी १०० ला दहा हजार वॉट खाणाऱ्या गाडीला तासाभराच्या चार्जिंगवर हायवेवरचा तासभरही मिळत नाही.

हार्लेची लाइव्हवायर २०१९ मध्ये आली ती ३०० हून जास्त व्होल्ट आणि सीसीएस घेऊन. १५.५ किलोवॉट-तासांचा पॅक ४० मिनिटांत ८० टक्के. पण चूक उलट्या बाजूला झाली: गाडीतला एसी (घरगुती वीज घेणारा) चार्जर फक्त १.४ किलोवॉटचा, त्यामुळे हॉटेलमधल्या मोठ्या पॉइंटला लावली तरी अख्खी रात्र जाते. त्याच वर्षी दोन अभिनेत्यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या उशुआयापासून लॉस एंजेलिसपर्यंत सुमारे २१,००० किलोमीटर याच गाड्या चालवल्या, तेव्हा वाटेत चार्जर मुद्दाम बसवावे लागले.

दोन्ही बाजू नीट जमवल्या त्या इटलीतल्या मोडेनाच्या एनर्जिकाने. २०२२ ची एक्सपिरिया: २२.५ किलोवॉट-तास, सुमारे ३०० व्होल्ट, सीसीएसवर २४ किलोवॉटपर्यंत, वजन २६० किलो. टूरमध्ये बॅटरी २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानच वापरतात, कारण त्यावर चार्जिंग मंदावतं. त्या हिशोबाने ताशी १०० ला सुमारे १२० ते १३५ किलोमीटर आणि अर्ध्या-पाऊण तासाचा थांबा. दुसऱ्या-तिसऱ्या थांब्याला पॅक तापलेला असतो आणि यंत्रणा स्वतःच करंट उतरवते, म्हणून दुपारचं जेवण त्या थांब्याला ठेवावं. इतकी चांगली गाडी बनवूनही कंपनी ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, हे खरोखर वाईट झालं. महाग गाडी आणि मोजके ग्राहक, हे गणित बसलं नाही.

भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या अल्ट्राव्हायोलेट कंपनीच्या एफ७७ या गाडीचा मोठा पॅक १०.३ किलोवॉट-तासांचा, कागदावर ३०७ किलोमीटरचा. वरच्या हिशोबाने ताशी १०० ला तो १०० किलोमीटरच्या आसपास भरतो. तोही कमी व्होल्टचा, त्यामुळे कारच्या सीसीएस-२ चार्जरचा उपयोग नाही. हलक्या वाहनांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये एसी-डीसी (साधं आणि जलद चार्जिंग) एकत्र असलेल्या वेगळ्या प्लगला मान्यता दिली, पण तो प्लग घाटाच्या वाटेवर, ढाब्यापाशी दिसायला हवा. शिवाय मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे. तिथल्या विश्रांतीस्थळांवर कितीही चार्जर बसले तरी ते आपल्या वाटेवर येत नाहीत. नवी गाडी बघायला जाल तेव्हा रेंज नंतर विचारा. आधी तीन गोष्टी विचारा: पॅक किती व्होल्टचा, प्लग कोणता, आणि १५ अँपियरच्या साध्या पॉइंटवर ती किती किलोवॉट ओढते.