आवाजाची जात

उंची तीच, मोठेपणाही तोच, तरी दोन गळ्यांतून निघालेला एकच स्वर ज्या गुणामुळे वेगवेगळा ओळखू येतो, तो गुण. संगीतशास्त्रात नादाची उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात असे तीन गुण मानतात. पहिले दोन आकड्यांत सांगता येतात. तिसऱ्यासाठी मराठीत किनरा, घोगरा, भसाडा, चिरका, पहाडी ही विशेषणेच कामी येतात आणि बहुधा पुरतात.

बोलताना स्वरतंतू पुरुषांत सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा, स्त्रियांत २०० च्या आसपास कंप पावतात. या मूळ स्वरासोबत त्याच्या पटीतले उपस्वरही निघतात. घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्या त्यांतले काही उचलून धरतात, काही दाबून टाकतात; जात ठरते ती मुख्यतः इथे. ‘म’ लांबवत नाक चिमटीत धरले की आवाज जागीच बंद पडतो, त्यावरून नाकाचा वाटा कळतो. नादाची जात उपस्वरांच्या प्रमाणावर अवलंबून असते, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये सविस्तर मांडले. जुन्या तारेच्या टेलिफोनमधून ३०० हर्ट्‌झच्या (सेकंदाला ३०० कंपनांच्या) खालचे फारसे जातच नसे. म्हणजे पुरुषाचा मूळ स्वर वाटेतच गळायचा, तरी नुसत्या ‘हॅलो’वर माणूस कळायचा.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात याच विषयाला हात घालून आवाजाचे चार प्रकार सांगितले आहेत. कफप्रधान, स्निग्ध व मधुर तो खाहुल. पित्तप्रधान, भरीव तो नाराट. वातप्रधान, आतून पोकळ आणि खरखरीत तो बोंबक. आणि यांची सरमिसळ तो मिश्रक. आवाजाच्या दोषांत कावळ्यांच्या कलकलाटासारखा ‘काकोली’ही आहे. कफ-पित्ताची उपपत्ती आज टिकत नाही, कान मात्र पक्का होता. अभ्यास नसतानाही राग प्रकट करणाऱ्या उपजत गळ्याला त्यांनी ‘शारीर’ म्हटले, कारण तो शरीरासोबतच जन्माला येतो.

पण उपजत गळाही बदलतो. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो. कधी आजार किंवा शस्त्रक्रिया तो पालटून टाकते. किराणा घराण्याच्या गंगूबाई हनगल (१९१३–२००९) तरुणपणी उंच, बारीक आवाजात गात. घशावरील उपचारानंतर तो इतका रुंद आणि खर्जाकडे झुकलेला झाला, की नुसते ऐकणाऱ्याला पुरुष गातो आहे असे वाटावे. त्यांनी तोच आवाज पुढे अनेक दशके गायला.