आयसीडी किंवा अब्लेशनसाठी सरकारी मदत: ठाणे-नवी मुंबईकरांनी काय करायचं

व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी धोकादायक जलद लय) झालेल्या रुग्णाला डॉक्टर आयसीडी (छातीत बसवायचं, शॉक देणारं यंत्र) सुचवतात, तेव्हा बरेच नातेवाईक अर्जात 'पेसमेकर' लिहून मोकळे होतात. तसं करू नका. पेसमेकर मंद ठोक्यांना आधार देतो. आयसीडी जीवघेणी लय ओळखून आतूनच शॉक देतो आणि कितीतरी महाग असतो. सरकारी योजनेत मंजुरी मिळते ती प्रक्रियेच्या नावावर. म्हणून सगळ्यात आधी हृदयरोगतज्ज्ञांचं पत्र घ्या. निदान, इकोमधला ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा), यंत्र सिंगल चेंबर की ड्युअल (तार हृदयाच्या एका कप्प्यात की दोन), की अब्लेशन (चुकीची लय उठवणारा हृदयातला भाग निकामी करणं), हे सगळं त्यात स्पष्ट हवं. ठोके बिघडले तेव्हाची ईसीजीची पट्टी हाच मोठा पुरावा, पण थर्मल कागदावरची शाई पुसट होत जाते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

पहिला दरवाजा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पिवळं, केशरीच नव्हे तर पांढरं रेशनकार्डही चालतं. रुग्णाचं नाव असलेलं रेशनकार्ड आणि आधार घेऊन अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. दोन्हीकडे नावाचं स्पेलिंग जुळतंय ना, ते घरीच तपासा. आरोग्यमित्राला दोन गोष्टी विचारा: हे रुग्णालय हृदयरोगासाठी अंगीकृत आहे का, आणि पत्रातली नेमकी प्रक्रिया यादीत आहे का? पूर्वमंजुरीचा अर्ज रुग्णालयच ऑनलाइन पाठवतं. रुग्ण अत्यवस्थ असेल तर कागदांसाठी थांबू नका, आधी दाखल करा. फोनवरून तातडीची मंजुरी घेण्याची सोय आहे. हेल्पलाइन १५५३८८.

योजनेत बसत नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधी. इथे वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं. तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, खर्चाचं अंदाजपत्रक (खासगी रुग्णालय असेल तर सिव्हिल सर्जनने प्रमाणित केलेलं), आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि दाखल रुग्णाचा जिओटॅग फोटो (ज्यात ठिकाणाची नोंद असते) लागतो. रुग्णालय निधीच्या यादीत असायला हवं. बिल भरून झाल्यावर परतावा मिळत नाही, त्यामुळे अर्ज उपचार चालू असतानाच करा.

दाखल्यासाठी एक खेटा वाचवा: ऐरोली ते बेलापूर ठाणे तालुक्यात येतं, पण खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात आहे. तिथल्यांनी पनवेल तहसीलकडेच अर्ज करायचा.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटून, यंत्राची किंमत सवलतीत धरलीय का, हे लेखी घ्या. खाटेचे पैसे माफ आणि यंत्राचं बिल मात्र पूर्ण, असं व्हायला नको.

डिस्चार्जच्या वेळी यंत्राचं ओळखपत्र मागून घ्या. त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. काही वर्षांनी बॅटरी संपली की यंत्र बदलावं लागतं, आणि तेव्हाच्या अर्जाला हेच कार्ड लागेल.