दुखत नाही म्हणून सोडलेली गाठ

‘दुखत नाही ना? मग सोड.’ मानेतल्या गाठीवर हा सल्ला घरोघरी मिळतो. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या (शरीरातल्या जंतूंशी लढणाऱ्या छोट्या ग्रंथींच्या) कॅन्सरच्या बाबतीत तो नेमका उलटा आहे.

पायाची ठेच पिकली की जांघेत अवधाण येतं. ते ठणकतं, हात लावू देत नाही आणि जखम भरली की बसतं. लिम्फोमाची गाठ मात्र बहुधा दुखतच नाही. मान, काख किंवा जांघेत ती रबरासारखी हाताला लागते आणि दोन-तीन आठवड्यांनीही जात नाही. काहींना सोबत ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप येतो, सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन उतरतं आणि रात्री घाम फुटतो. पंखा बंद पडल्यावरचा घाम नव्हे, चादर बदलावी लागेल इतका.

आपल्याकडची खरी गफलत पुढे होते. टीबीच्या गाठींचीही लक्षणं अशीच, त्यामुळे कधी कधी नुसत्या अंदाजावर टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि महिने जातात. सुईने घेतलेला नमुना अनेकदा अपुरा पडतो. शक्य असेल तर अख्खी गाठ काढून बायोप्सी करतात. आणि हो, बायोप्सीने लिम्फोमा पसरतो, हीही अफवाच.