पार्श्वभूमी : धसमुसळा खेळ आणि शिट्टीची फिट्टंफाट

आंतरशालेय स्पर्धांचा हंगाम आला की बेळगाव-खानापूर भागातल्या बास्केटबॉल कोर्टवर एक वाद हमखास ऐकू येतो. पोरगं सकाळी मोबाईलवर अमेरिकेतली व्यावसायिक लीग, म्हणजे एनबीए, बघून आलेलं असतं. तिकडची रात्र ती आपली सकाळ. दुपारी ते बॉल टप्पे टाकत येणाऱ्या गड्याच्या कमरेला हात टेकवून त्याला बाजूला रेटतं. शिट्टी वाजते. पोरगं वळून म्हणतं, "सर, तिकडं एवढं चालतंय की!" गेल्या हंगामात टिळकवाडीतल्या एका सामन्यात हा संवाद मी तीनदा ऐकला. चौथ्या वेळी पंचांनी शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि तशीच सोडून दिली. त्यानंतरची शिट्टी अगदी किरकोळ धक्क्याची होती आणि ती गेली समोरच्या संघावर. मागून कुणीतरी बोललं, "झाली फिट्टंफाट."

या फिट्टंफाटीचा इतिहास बराच जुना आहे.

त्याआधी एका शब्दाबद्दल. आपले क्रीडापानवाले 'आक्रमक खेळ' म्हणतात तेव्हा ते कौतुक असतं. पण बास्केटकडे मुसंडी मारणारा आक्रमक आणि त्याला कोपरानं अडवणारा आक्रमक, या दोघांना एकच विशेषण लावलं की गफलत होते. पहिल्याला फ्री थ्रो (रेषेवरून बिनअडथळा टाकायचे चेंडू) मिळतात, दुसऱ्याच्या नावावर फाउल चढतो. दुसऱ्यासाठी मराठीत 'धसमुसळा' हा चांगला शब्द आहे, तोच इथे वापरतो.

बास्केटबॉलचे १८९१ चे मूळ तेरा नियम सांगत बसत नाही. त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: त्या नियमांत दोन अधिकारी होते, एकानं चेंडूवर नजर ठेवायची आणि दुसऱ्यानं माणसांवर. एका संघानं लागोपाठ तीन फाउल केले तर समोरच्याला सरळ एक गोल मिळे. मधल्या काळात समोरचा संघ एकही फाउल न करता राहिला पाहिजे, ही अट. म्हणजे दोन बाजूंच्या फाउलांचा एकमेकांशी हिशेब पहिल्या दिवसापासूनच लागत होता.

व्यावसायिक लीगला धसमुसळेपणाचा पहिला मोठा फटका बसला तो १९५३ मध्ये. प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, एका सामन्यात बोस्टनच्या एका खेळाडूनं चार जादा डावांपर्यंत खेळून ५० गुण केले, त्यातले ३० फ्री थ्रोवर. बास्केटबॉल बघायला आलेल्या लोकांनी रेषेवर उभं राहून टाकलेले चेंडू मोजले. पुढच्याच वर्षी, १९५४-५५ च्या हंगामापासून २४ सेकंदांचं घड्याळ आलं, म्हणजे तेवढ्या वेळात बास्केटकडे चेंडू टाकायलाच हवा, आणि प्रत्येक क्वार्टरमधल्या सांघिक फाउलांवर मर्यादा आली. चेंडू धरून वेळ काढण्याचा आणि मुद्दाम फाउल करण्याचा धंदा तिथे बसला.

आमच्या पिढीनं केबलवर पाहिला तो मात्र नव्वदीतला बास्केटबॉल, आणि खरं सांगायचं तर माझा कल त्याच खेळाकडे आहे. डेट्रॉइटनं १९८९ आणि १९९० अशी दोन विजेतेपदं बचावाच्या दांडगाईवर मिळवली. बास्केटखाली येणारा माणूस पडल्याशिवाय परत जायचा नाही. प्रत्येक धक्क्याला शिट्टी वाजवायची तर सामना संपणारच नाही, अशी पंचांची कोंडी झाली. मग 'किती धक्का चालेल' याची मोजपट्टीच सरकली. १९९४ च्या अंतिम मालिकेत सात सामने झाले, पण कुठल्याही संघाला एकदाही शंभरी गाठता आली नाही.

खरा गुंता आहे तो 'हँड-चेक'चा. चेंडू घेऊन येणाऱ्याच्या कमरेवर बचाव करणारा तळहात किंवा कोपरापुढचा हात टेकवतो. तेवढ्यानं गडी कुठल्या बाजूला वळणार ते हाताला आधी कळतं आणि अर्ध्या पावलाची उसंत मिळते. याला बंदी कधी आली? बहुतेक जण २००४ सांगतात. पण १९७८-७९ मध्येच या हाताला आवर घालणारा नियम झाला होता. १९९४-९५ मध्ये तो कडक केला, १९९७-९८ मध्ये समोरून येणाऱ्याला कोपरापुढच्या हातानं अडवण्यावर निर्बंध आले, १९९९-२००० मध्ये पुन्हा नवी कलमं. एकच बंदी इतक्या वेळा लिहावी लागते, याचा अर्थ ती पाळली जात नव्हती. हंगामाच्या सुरुवातीला शिट्ट्या वाजायच्या, संघ तरीही हात टेकवत राहायचे आणि कंटाळून म्हणा, सवयीनं म्हणा, शिट्टी मागे हटायची.

२००४ चा निर्णय म्हणूनच वादाचा. त्याच वसंतात डेट्रॉइटच्या संघानं सलग पाच सामन्यांत समोरच्याला ७० च्या आत रोखलं आणि जूनमध्ये विजेतेपद घेतलं. त्या शरद ऋतूत लीगनं हँड-चेकवर सक्तीचे आदेश काढले. एका संघाला आवर घालायला नियम बदलला, असं म्हणणारे तेव्हाही होते. लीगचं म्हणणं, खेळ मोकळा करायचा होता. आकडे लीगच्या बाजूनं बोलले: एका संघाचे सरासरी गुण एका हंगामात ९३.४ वरून ९७.२ वर गेले. फिनिक्सचा संघ २९ विजयांवरून ६२ वर पोहोचला, अर्थात त्यात नव्यानं आलेल्या गार्डचाही वाटा होता. माझ्या मते या वेळी कागदावरच्या नियमापेक्षा मोजपट्टी जास्त बदलली.

फिट्टंफाटीचा मोजून केलेला अभ्यास २००९ मध्ये आला. तो व्यावसायिक लीगचा नव्हे, अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा, २००४-०५ च्या ३६५ सामन्यांवरचा. ज्या संघाचे फाउल कमी, पुढची शिट्टी त्याच्यावर जाण्याची शक्यता जास्त. फरक वाढेल तशी ही शक्यताही वाढते. पाहुण्या संघावर आणि पुढे असलेल्या संघावर शिट्टी अधिक. सगळं एकत्र आलं तर पाहुण्यांवर पुढचा फाउल जाण्याची शक्यता ७० टक्क्यांपर्यंत. पंच अप्रामाणिक असतात असा याचा अर्थ नाही. फलकावर फाउल सात-दोन दिसले की प्रेक्षक ओरडतात, प्रशिक्षक हात उडवतात आणि डोळा नकळत दुसऱ्या बाजूचा दोष शोधू लागतो. पण परिणाम काय? दोन्ही बाजूंचे फाउल शेवटी सारखेच होणार असतील, तर जास्त धक्के मारणाऱ्याचाच फायदा. कारण त्याचे न मोजलेले धक्के जास्त.

बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात निकाली कुस्ती बघणाऱ्याला हे विचित्र वाटेल. तिथे पाठ मातीला लागली की विषय संपला, पंचांना वाटणी करावी लागत नाही. मॅटवर मात्र निष्क्रिय मल्लाला तीस सेकंदांची ताकीद देतात आणि त्या वेळात त्यानं गुण केला नाही तर समोरच्याला एक गुण. तिथे पुढाकाराला बक्षीस आहे, पण ते उघड, नियमात लिहून ठेवलेलं.

२००४ नंतर दांडगाईनं बाजू बदलली. आता चेंडूवाला स्वतःच बचावपटूच्या हातात हात अडकवून शिट्टी मागू लागला. २०१२ मध्ये खोटं पडण्यावर दंड लागला, २०२१-२२ मध्ये फाउल मिळवण्यासाठीच्या कसरतींवर लगाम आला आणि २०२३-२४ पासून खोटं पडलं की सामन्यातच समोरच्या संघाला एक फ्री थ्रो. चुरशीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतल्या शिट्ट्यांचा जाहीर हिशेब २०१५ पासून निघतो, चुकलेल्या आणि न वाजलेल्या दोन्ही. त्याआधी, २००७ मध्ये एका पंचाचं सट्टेबाजीचं प्रकरण बाहेर आलं होतं. विश्वासाला तडा तिथेच गेला.

इथली पोरं आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतात: चाळीस मिनिटं, पाच फाउल. तिकडे अठ्ठेचाळीस मिनिटं, सहा फाउल. "तिकडं एक जास्त मिळतोय" म्हणून ती तक्रार करतात, पण भागाकार केला तर दोन्हीकडे आठ मिनिटांना एकच.