नाक्यावरचा पोरगा, थरावरचा गोविंदा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत जूनमध्ये लिफ्टशेजारी एक कागद लागला. लॅमिनेट केलेला, चारही कोपरे सेलोटेपने चिकटवलेले, खाली सही आणि गोल शिक्का. ‘तरुण मुलामुलींनी संध्याकाळी ७ नंतर पोडियमवर व जिन्यात घोळका करून उभे राहू नये. आढळल्यास पालकांना दंड आकारण्यात येईल.’ लहान मुलांचा त्यात उल्लेख नव्हता. ती नऊपर्यंत सायकली फिरवतात. ज्येष्ठांचाही नव्हता, त्यांची बैठक त्याच पोडियमवर दहापर्यंत चालते. कागद फक्त तेरा ते एकोणीस वयासाठी होता. मी वॉचमनकाकांना विचारलं, पोरांनी केलं काय? ते म्हणाले, “केलं काहीच नाही ताई. पण उभी राहतात ना.”

नुसतं उभं राहिल्याचा दंड लागतो असं हे एकच वय. त्या कागदामागे दीडशे वर्षांची गोष्ट आहे, आणि तिचा बराचसा भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात घडलेला आहे.

आधी शब्द पाहू. या वयासाठी मराठीत शब्द भरपूर आहेत, आणि बहुतेक सगळे तक्रारीचे. शिंगं फुटली, अंगात वारं शिरलं, उनाड, टारगट, वाह्यात, आगाऊ. मुलींसाठी वेगळे : शेफारली, नटवी, हिचे पाय घरात ठरत नाहीत. ‘पौगंडावस्था’ हा त्यातला सभ्य शब्द, पण त्याचाही प्रवास विचित्र आहे. संस्कृतातल्या एका प्रसिद्ध श्लोकाप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन. म्हणजे पौगंड हे मुळात सहा ते दहाचं, चेंडूफळीचं वय. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तो शब्द पुढच्या वयाला लावला गेला. आज ‘पौगंडावस्थेतील मुलगा’ असं छापलेलं दिसलं की बातमी गुन्ह्याची किंवा आजाराची असणार, हे वाचणारा धरूनच चालतो. खरा नेमका शब्द होता ‘किशोर’. बालभारतीने १९७१ मध्ये मासिक काढलं तेव्हा तेच नाव दिलं, आणि तो शब्द अजून स्वच्छ राहिला आहे.

घराघरांत सांगितला जाणारा दुसरा श्लोक चाणक्यनीतीतला : पाच वर्षं लाड करा, पुढची दहा वर्षं ताडन करा, सोळावं लागलं की मुलाशी मित्रासारखं वागा. आपल्याकडे यातलं ताडन फार निष्ठेने पाळलं गेलं. मैत्रीचा चरण पाठ असतो, वापरात नसतो.

पूर्वी ही वर्षं होती, पण त्यांना समाजात वेगळी जागा नव्हती. शेतकऱ्याचा, कोळ्याचा, सुताराचा मुलगा दहाबाराव्या वर्षी बापाच्या हाताखाली कामाला लागायचा. मुलीचं लग्न त्याआधीच झालेलं असायचं. मूल संपलं की मोठं माणूस सुरू. मग कायद्याने एक रेष आखली आणि ती हळूहळू सरकत गेली. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली. सातव्या वर्षाचा मुलगा रोज नऊ तास गिरणीत राबू शकत होता. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर आली आणि चौदापर्यंतच्या मुलांचे तास सातवर आले. त्याच १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेलं, आणि एवढ्या दोन वर्षांवरून महाराष्ट्र ढवळून निघाला.

त्या वादाच्या आधी रखमाबाईचा खटला झाला होता. या विषयाच्या पार्श्वभूमीत मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अकराव्या वर्षी तिचं लग्न दादाजी भिकाजी या तरुणाशी लावलं गेलं. ती सावत्र वडिलांच्या, डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकली आणि वाढली, आणि नवऱ्याने नांदायला बोलावलं तेव्हा तिने नकार दिला. १८८४ मध्ये खटला उभा राहिला. १८८७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती तुरुंगाला तयार झाली. पुढच्या वर्षी तडजोड झाली. ती इंग्लंडला गेली, डॉक्टर होऊन परतली आणि सुरतला, राजकोटला अनेक वर्षं काम केलं. पण खटला चालू असताना टिळकांचा ‘केसरी’ तिच्या विरोधात उभा होता, आणि सनातनी मंडळींचा रोख तिच्या शिक्षणावर होता. मुलगी शिकली म्हणून शेफारली. आज फोनवर हसणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीकडे बघून जिन्यातली माणसं जे बोलतात, ते वाक्य तेव्हापासून चालत आलं आहे. फक्त पुस्तकाच्या जागी मोबाइल आला.

१९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाचं वय मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा केलं, १९७८ मध्ये ते अठरा आणि एकवीस झालं. प्रत्येक सुधारणा हवीच होती. पण तिच्यामुळे मूल आणि मोठा माणूस यांच्यामध्ये सहासात वर्षांची एक मोकळी जागा तयार झाली, आणि त्या वर्षांत माणसाने करायचं काय, हे कोणी ठरवलं नव्हतं.

अमेरिकेत हे आधी घडलं. तिथल्या ग्रॅनव्हिल स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये या वयावर दोन जाडजूड खंड लिहिले आणि ‘वादळ आणि ताण’ हे त्याचं लक्षण ठरवलं. शब्दप्रयोग त्याने जर्मन साहित्यातल्या एका चळवळीवरून घेतला होता. मार्गारेट मीडने १९२८ मध्ये सामोआ बेटांवरच्या मुलींचा दाखला देऊन सांगितलं की हे वादळ सगळीकडे येत नाही, ते समाज घडवतो. तिच्या कामावर पुढे बराच वाद झाला. वाद विद्वानांत राहिला, हॉलचं वादळ मात्र शिक्षकांच्या आणि पालकांच्या डोक्यात बसलं. आता त्याला प्राचीन आधारही शोधले जातात. ‘आजची तरुण पिढी ऐषआरामी आहे, मोठ्यांचा मान ठेवत नाही’ हे सॉक्रेटिसचं म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणारं वाक्य त्याचं नाहीच. केनेथ जॉन फ्रीमन नावाच्या केंब्रिजच्या अभ्यासकाने जुन्या ग्रीक तक्रारींचा गोषवारा लिहिला होता, तो १९०७ मध्ये छापला गेला. पुढे तो सॉक्रेटिसच्या नावावर चढला.

आपल्याकडे या वयाला बोल लावताना ज्ञानेश्वर आणि शिवाजी महाराजांचा दाखला देतात : त्यांनी सोळाव्या वर्षी काय केलं बघ. ठाण्याला आणखी जवळचं नाव आहे. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकला कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे जेमतेम अठराचा होता. १९ एप्रिल १९१० ला त्याला आणि त्याचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. १९४२ च्या सप्टेंबरमध्ये नंदुरबारला तिरंगा हातात घेऊन गोळ्या झेलणारा शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. आज आपण त्यांना हुतात्मे म्हणतो. त्यांच्या हयातीत त्यांच्या वयाच्या मुलांना वडीलधारे काय म्हणत असतील, हे ज्याने त्याने आपल्या घरात ऐकून बघावं.

ठाण्यात या वयाला ‘नाक्यावरचा’ हे नाव मिळालं ते बरंच नंतर. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ मध्ये स्थापन झालं आणि ठाण्यातली वागळे इस्टेट कारखान्यांनी भरली. माझे वडील अकरावी मॅट्रिक होऊन तिथल्या एका कारखान्यात लागले तेव्हा अठराचे होते. तेही मित्रांबरोबर पानाच्या टपरीशी उभे राहायचे, पण खिशात गेटपास होता. कोणी हटकलं की तो दाखवायचा. पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून एकेक कंपनी बंद पडत गेली, जमिनीचे भाव चढले, शेडच्या जागी टॉवर आणि मॉल आले. दहावी-बारावीची नवी पद्धत येऊन दशक उलटलं होतं. सोळाव्या वर्षी मुलगा ज्युनिअर कॉलेजात जायचा किंवा दहावीला अडकायचा. अडकलेल्याच्या खिशात गेटपास नव्हता. तो उभा तिथेच होता, बापाच्याच टपरीशी. आता तो टपोरी झाला.

किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर इथल्या घरांत गेलेल्या माणसाला नाका का लागतो ते सांगावं लागत नाही. दहा बाय बाराची खोली. वडील रात्रपाळीहून येऊन पंख्याखाली झोपलेले, बहीण कोपऱ्यात अभ्यासाला, आईचा स्टोव्ह दाराशी. मोठा झालेला मुलगा त्या खोलीत मावतच नाही. आई स्वतः म्हणते, “जा रे जरा बाहेर.” तो बाहेर येतो आणि नाक्यावर उभा राहतो, कारण उभं राहायला पैसे पडत नाहीत. काही गडबड झाली की पहिल्यांदा चौकीवर नेऊन बसवतात ते त्यालाच. त्याच वयाचा, खात्यापित्या नौपाड्यातला मुलगा राम मारुती रोडवर आइस्क्रीम खात उभा असतो, त्याला कोणी टपोरी म्हणत नाही. दिवाळी पहाटेला तलावपाळीवर हजारो पोरं जमली की मात्र दोघे एकाच तक्रारीत येतात : धिंगाणा.

नवी मुंबईत तेच दुसऱ्या रूपाने झालं. हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १७ मार्च १९७० ला स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर सेक्टर आखले गेले. सेक्टरातली मुलं आणि आगरी-कोळी गावांतली मुलं एकाच खाडीच्या वाऱ्यात वाढली, पण बाईक जोरात गेली की सेक्टरातल्या घरातून पहिला उद्गार निघतो, ‘गाववाल्यांची पोरं’. पाम बीच रोडवर शर्यती लावणाऱ्यांत सेक्टरातली पोरं नसतात असं थोडंच आहे!

कायद्यातली रेष २०१२ नंतर पुन्हा हलली. २००० च्या बाल न्याय कायद्याने अठरापर्यंत सगळ्यांना बालक मानलं होतं. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारातला एक आरोपी अठराला काही महिने कमी होता, त्याला कायद्याप्रमाणे तीन वर्षं सुधारगृहात ठेवलं आणि देश खवळला. राग समजण्यासारखा होता. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयातल्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यांसाठी मोठ्यांसारखा खटला चालवायची वाट उघडली. त्या काळातल्या राष्ट्रीय गुन्हे नोंदींत अल्पवयीनांच्या गुन्ह्यांचा वाटा एकूण गुन्ह्यांच्या १.२ टक्के होता. ही संख्या चर्चेत फारशी आली नाही. याच सुमारास पोक्सो या बालसंरक्षणाच्या कायद्याने संमतीचं वय अठरा केलं, जे आधी सोळा होतं. लैंगिक अत्याचारापासून संरक्षणासाठी तो कायदा गरजेचाच होता. पण परिणाम असा की सतरा वर्षांचा मुलगा खटल्यासाठी मोठा ठरू शकतो आणि प्रेमासाठी मात्र बालक. मधल्या काळात, २००७ मध्ये, महाराष्ट्राने शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद केलं होतं. मुलांनी काय करू नये याचे कायदे झाले, त्यांना समजावून सांगायची दारं मिटली.

भीतीला दरवेळी नवं नाव मिळतं. व्हिडिओ पार्लर, सायबर कॅफे, मग २०१७ मध्ये ब्लू व्हेल, मुलांना जीव द्यायला लावतो असं म्हटला गेलेला ऑनलाइन खेळ. त्या वर्षी ठाण्या-मुंबईतल्या शाळांनी पालकांना किती सूचना पाठवल्या! नंतर केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की तपासलेल्या घटनांपैकी एकही मृत्यू या खेळामुळे झाल्याचं सिद्ध झालं नाही. तोवर कित्येक घरांत फोन कपाटात गेले होते, आणि पोरांना खरंच काय सलतं हे विचारायचं राहून गेलं होतं.

हे सगळं एकीकडे, आणि दुसरीकडे गोकुळाष्टमी. ठाण्याएवढी मोठी दहीहंडी क्वचितच कुठे होते. २०१२ मध्ये इथेच जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम केला. वरच्या थरावर हलकं अंग लागतं, म्हणजे पोरगंच लागतं. ऑगस्ट २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने अठराखालच्या गोविंदांना मनाई केली आणि उंची वीस फुटांवर आणली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं, तेव्हा ठाण्यात जाहीरपणे कायदेभंगाची हंडी बांधली गेली. २०१७ मध्ये वयाची अट चौदावर उतरली. २०२२ मध्ये सरकारने गोविंदा हा साहसी खेळ ठरवला आणि दहा लाखांचं विमाकवच दिलं. या वादात राजकारणी, वकील, आयोजक, डॉक्टर सगळे बोलले. चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं तेव्हा शूर होतं, परंपरेचा वारसदार होतं, त्याला आपल्या जिवाचं कळतं असं मोठी माणसं छातीठोक सांगत होती. मी लोकमान्यनगरच्या एका पथकाचा सराव पाहिला आहे. रात्री साडेदहाला, रस्त्याच्या दिव्याखाली. चौथ्या थरावरच्या पोराच्या पोटऱ्या थरथरत होत्या आणि खालून एकजण शांतपणे म्हणत होता, “श्वास घे, घाई नाही, श्वास घे.” तो खालचा सतराचा असेल. साठ जणांचा भार सांभाळत होता. आठवड्यापूर्वी त्याच जागेवरून, त्याच दिव्याखालून, गस्तीच्या गाडीने त्याला हुसकलं होतं. मला हे त्यानेच सांगितलं, तक्रार म्हणून नाही. झालं ते सांगावं तसं.

आमच्या सोसायटीतला कागद अजून आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या बाजूला दुसरा लागला, तोच शिक्का, तीच सही : गणपतीच्या मंडपाचं सामान उचलायला आणि मिरवणुकीत दोर धरायला मुलं हवी आहेत, नावं ऑफिसात द्यावीत. दुसऱ्या दिवशी वहीत अकरा नावं होती. पहिलं नाव सहाव्या मजल्यावरच्या मुलीचं होतं. जुलैत जिन्यात उभी राहिली म्हणून तिच्या आईला दंडाची पावती मिळाली होती.